पऱ्याचे मासे व वाहत्या पाण्याची काचपेटी

शेतकी मासिकात काचेच्या पेटीतील माशांचा विषय पाहून आमच्या पुष्कळ वाचकबंधूंस आश्चर्य वाटेल. हा शहरातील हौशी लोकांचा खेळ. नांगर, खत व आंबा यांत गुंतलेल्या मनुष्यास त्याचे काय होय? असा प्रश्न आम्हासही प्रथम पडला होता. परंतु गेल्या चार वर्षांत जो अनुभव आला त्यावरून आमची अशी खात्री झाली आहे की, ही पेटी शेतकऱ्याच्या कामाची आहे; इतकेच नव्हे, तर तिने आमची एक मोठी चूक आमच्या पदरात घातली. ती चूक पुष्कळांच्या हातून नित्य घडत असेल, म्हणून हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहो.

आम्ही काही शास्त्र शिकलेले नव्हे. मराठी शाळेतले शिक्षण व महसूल खात्यातील कारकुनी एवढीच आमची पुंजी. नोकरीत असता सात-बाराच्या उताऱ्यांची नक्कल करण्यात आमचा जन्म गेला. त्या उताऱ्यात 'पोटखराबा' म्हणून एक रकाना असतो. ज्या जमिनीवर आकार बसत नाही ती त्यात दाखवावयाची. रस्ता, तळे, ओढा यांखालची जमीन पोटखराबा वर्ग 'ब' मध्ये जाते. आमच्या पालीच्या घरामागून जो पऱ्या वाहतो, त्याची नोंद अशीच 'खराबा' म्हणून आहे, व आम्हीही त्यास तितकीच किंमत देत आलो. स्वेच्छेने निवृत्ती घेऊन घरी बसल्यावर त्या खराब्यात काय नांदते ते पाहण्यास प्रथमच सवड मिळाली.

मासा कोणता

पाली हे गाव रत्नागिरीहून कोल्हापुरास जाणाऱ्या रस्त्यावर आहे. येथील लहानसहान पऱ्यांना पावसाळ्यात पूर येतो, दिवाळीनंतर धार बारीक होते, आणि फाल्गुन-चैत्रात ठिकठिकाणी डबकी तेवढी उरतात. या डबक्यांच्या तळाशी, वाळूत किंवा दगडाखाली, बोटाएवढा, लांबट, तपकिरी ठिपक्यांचा एक मासा लपून असतो. तोंडाभोवती बारीक मिशा, पोट सपाट, खवले इतके बारीक की अंग बुळबुळीत लागते. यास गावोगाव निरनिराळी नावे आहेत. काही ठिकाणी मुरी किंवा मुरे म्हणतात. इंग्रजीत या साऱ्या कुळास 'लोच' असे नाव आहे. खाण्यास फारसा उपयोग नाही, म्हणून त्याची विचारपूसही कोणी करीत नाही.

विद्वान लोकांनी मात्र ती केलेली आहे. वाळूत शिरणारी जी जात दक्षिण हिंदुस्थानात पुष्कळ ठिकाणी आढळते, तिचे शास्त्रीय नाव लेपिडोसेफॅलिक्थिस थर्मॅलिस. १८४६ मध्ये तिचे वर्णन प्रथम झाले ते सिंहलद्वीपातील त्रिंकोमालीजवळच्या उन्हाळ्यांतील माशांवरून, व त्यावरूनच 'थर्मॅलिस' हे नाव पडले. आपल्याकडे तुरळ-राजवाडीस जशी उन्हाळी आहेत, तशीच ती. सह्याद्रीतील ओढ्यांत दगडाखाली राहणारी दुसरी एक जात फ्रान्सिस डे यांनी पुण्याच्या माशांवरून १८७२ मध्ये नोंदली. डोंगरी ओढ्यांच्या वेगाशी प्राण्यांचे शरीर कसे जुळते, यावर सुंदरलाल होरा यांनी १९३० मध्ये मोठा निबंध प्रसिद्ध केला. लोंढ्यात टिकावयाचे तर अंग सपाट हवे, तळास चिकटून राहता आले पाहिजे, ही गोष्ट पऱ्याच्या काठी बसून आपणासही दिसते.

या कुळातील काही माशांची आणखी एक युक्ती आहे. पाण्यातील प्राणवायू कमी झाला की ते वर येऊन हवेचा घोट घेतात व तो आतड्यातून जिरवितात. आटत्या डबक्यात इतर मासे मेल्यावरही हे काही दिवस तग धरतात ते याच कारणाने. परंतु तग धरणे निराळे व सुखाने राहणे निराळे, हे आम्हास पुढे कळले.

पहिला प्रयत्न व त्याचे फळ

चार वर्षांपूर्वीच्या वैशाखात घरामागचे डबके परातीएवढे उरले. आमची नात सुट्टीस आली होती. तिच्या आग्रहावरून आम्ही त्यातील चौदा मासे बादलीत काढले, बाजारातून एक लहान काचपेटी आणली, विहिरीचे पाणी भरले व सर्व मासे एकदम आत सोडले. चार दिवसांत नऊ मेले. उरलेले पाच आम्ही खाली काजळी नदीच्या बाजूस, जेथे बारमाही कोंड आहे, तेथे नेऊन सोडले. नात दोन दिवस आमच्याशी बोलली नाही.

पाणी स्वच्छ होते, मग मासे का मेले? याचे उत्तर आम्हास रत्नागिरीस एका जाणत्या गृहस्थांनी दिले, व ते शेतकऱ्यास समजण्यास अगदी सोपे आहे. माशाच्या विष्ठेतून व कल्ल्यांवाटे अमोनिया पाण्यात उतरतो. हा अमोनिया माशास विषारी आहे. पाणी उबदार असेल तर अधिकच. ओढ्यात दगडांवर व वाळूवर असंख्य सूक्ष्म जंतू असतात. काही जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिली दोन द्रव्ये घातक, तिसरे बरेचसे निरुपद्रवी. आपल्या शेतात शेणखत मुरून पिकास लागू पडते तेही याच क्रियेने. कोऱ्या काचेत व ताज्या पाण्यात हे जंतू नव्हते. न मुरलेले खत मुळाशी घातले तर रोप जळते. आम्ही माशांचे तेच केले. शिवाय साठलेल्या पाण्यात प्राणवायू थोडा, व मासे वाहत्या पाण्याचे. दोन्ही अपराध एकदम घडले.

पेटीची रचना

त्याच पावसाळ्यात आम्ही वाहत्या पाण्याची पेटी बांधण्याचे मनावर घेतले. तिची कृती येणेप्रमाणे.

पेटी लांबट असावी, कारण प्रवाहास पल्ला लागतो. उंचीचे विशेष काम नाही. आमची पेटी ४ फूट लांब, सव्वा फूट रुंद व सव्वा फूट उंच असून काच १० मिलिमीटर जाडीची आहे. काठापासून दोन इंच खाली पाणी ठेवले असता सुमारे १५० लिटर मावते. काच, पाणी, दगड व वाळू मिळून वजन अडीचशे किलोच्या घरात जाते. सबब साध्या टेबलावर ती ठेवू नये. आम्ही जांभ्याच्या चिऱ्यांचा ओटा बांधून त्यावर थर्मोकोलचा पत्रा अंथरला व मग पेटी ठेवली. जागा उन्हाची नसावी. आमची पेटी उत्तरेच्या पडवीत आहे.

आता मुख्य गोष्ट प्रवाहाची. सामान्य पेटीत एका कोपऱ्यात गाळणी असते. तेथे पाणी गोल फिरते, इतरत्र थबकते. ओढ्यात पाणी एकाच दिशेने जाते. ते साधण्याकरिता पाऊण इंची पीव्हीसी नळीचा पेटीच्या तळाएवढा एक लांबट चौकोन करावा. एका टोकास त्यातून दोन उभ्या आखूड नळ्या काढून त्यांवर स्पंजाच्या गाळण्या बसवाव्या. दुसऱ्या टोकास दोन उभ्या नळ्या वर आणून प्रत्येकीवर एक लहान बुडीत पंप बसवावा, त्याचे तोंड स्पंजाच्या बाजूस करावे. पंप सुरू होताच वरचे पाणी लांबीभर धावत स्पंजाकडे जाते, स्पंजातून गाळून तळाच्या नळीत शिरते, वाळूखालून उलट परत येते व पुनः पंपातून बाहेर पडते. वरून नदी व खालून तिचा परतीचा मार्ग, अशी ही योजना आहे. सांधे टी व एल्बो यांनी नुसते दाबून बसवावे. डिंक लावू नये, म्हणजे साफ करण्यास सुटे होतात.

पंप ताशी हजार लिटरचे दोन घेतले म्हणजे १५० लिटर पाणी तासातून तेरा वेळा फिरते. दहा ते पंधरा वेळा फिरावे असा आमचा अनुभव आहे. प्रत्येक पंपास अठरा वॅट धरल्यास महिन्यास सुमारे सव्वीस युनिट वीज लागते. तार खाली झोळ देऊन मग वर प्लगाकडे न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळलेले पाणी प्लगात जात नाही. पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण अवश्य बंद करावे. कोकणात पावसाळ्यात वीज वारंवार जाते. याकरिता बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप जवळ असावा व मासे थोडेच ठेवावे.

नळ्यांचा सांगाडा ठेवल्यावर मोठे दगड थेट काचेच्या तळावर मांडावे, वाळू मागाहून घालावी. वाळूवर दगड ठेवल्यास मासे खालून उकरतात व दगड ढासळून काच फुटते. दगड गुळगुळीत काळे असावे. जांभ्याच्या कडा टोचतात व तांबडी माती सुटते. दगडावर लिंबाचा रस पिळून पाहावा. फेस आल्यास त्यात चुना आहे, तो नको. समुद्रावरच्या शिंपल्यांनाही हाच नियम. वाळू बारीक व गोल कणांची हवी. खडीच्या कारखान्यातील भुकटीने माशांच्या मिशा झिजतात, व खाडीच्या वाळूत मीठ असते. नदीतील वाळू हे गौण खनिज असून परवानगीवाचून उचलता येत नाही, हे आमच्यासारख्याने तरी विसरू नये. घर दुरुस्त करताना पावतीने घेतलेल्या वाळूची चार घमेली उरली होती, तीच धुऊन वापरली.

दगडांची मांडणी अशी असावी की काही ठिकाणी धार जोराची लागेल व काही दगडांच्या मागे पाणी संथ राहील. माशास विसाव्याची जागा हवीच. वर जाळीचे झाकण घट्ट बसवावे. हे मासे उडी मारून व नळीवरून सरपटत बाहेर पडतात. आमचा एक पायपुसण्याखाली सापडला, सुदैवाने जिवंत.

पाणी मुरविणे व नित्य व्यवस्था

पेटी तयार झाली की लगेच मासे सोडण्याचा मोह आवरावा. पंप चालू ठेवून चार ते सहा आठवडे पाणी मुरू द्यावे. दररोज चिमूटभर खाद्य टाकावे, म्हणजे ते कुजून जंतूंस अन्न मिळते. पऱ्यातील शेवाळलेला एखादा दगड ठेवल्यास विरजण पडते. अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे संच बाजारात मिळतात. दोन्हींचे माप शून्य आल्यावर प्रथम तीन-चार मासे सोडावे व पुढे पंधरा दिवसांनी आणखी. दीडशे लिटरला दहा-बारा लहान मासे पुष्कळ झाले.

अन्न संध्याकाळी द्यावे, कारण हे मासे अंधारात चरतात. डासांच्या अळ्या, बारीक कापलेले गांडूळ, किंवा तळाशी जाणाऱ्या गोळ्या चालतात. आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. विहिरीचे पाणी चांगले. नळाचे असल्यास क्लोरीन उडून जाण्याकरिता ते एक दिवस उघडे ठेवावे. काढलेल्या पाण्यात नायट्रेट असते, म्हणून ते फेकू नये. आमच्या कुटुंबाने ते परसातील अळवास व मिरचीस घालण्याचा क्रम ठेवला आहे. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळून धुवावे; नळाखाली धुतल्यास जंतू मरतात व सर्व श्रम वाया जातात. वैशाखात पाणी फार तापल्यास पाण्यावर पंख्याचा वारा सोडावा, दोन-तीन अंश उतरतात.

एक इशारा येथेच देतो. बाजारात पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा एक सुरेख लोच विकावयास येतो. हा बोटिया स्ट्रायटा. नारायणराव या प्राणिशास्त्रज्ञांनी शिमोग्याजवळच्या तुंगा नदीतील माशांवरून १९२० मध्ये त्याचे वर्णन केले. तो सह्याद्रीवाचून जगात अन्यत्र नाही, व संकटग्रस्त जातींत त्याची गणना होते. २००५ ते २०१२ या काळात हिंदुस्थानातून धोक्यातील जातींचे सुमारे पंधरा लाख गोड्या पाण्याचे मासे शोभेकरिता परदेशी गेले, त्यांत हा प्रमुखांपैकी होता. म्हणून नदीतून धरून आणलेला हा मासा हौसेखातर विकत घेऊ नये. आमच्या पेटीत दुकानातील एकही मासा आम्ही घातला नाही. याचे दुसरेही कारण आहे: दुकानातील माशांबरोबर रोग येतात, व असे मासे किंवा त्यांच्या सहवासातील मासे पुढे ओढ्यात सोडणे हा मोठाच अपराध होईल.

पौषातील एक दिवस

पुढील फाल्गुनात त्याच आटत्या डबक्यातून आम्ही अकरा मासे आणले. या खेपेस एकही मेला नाही. धारेकडे तोंड करून ते दगडावर बसत, रात्री वाळू चाळीत. शेजारपाजारची मुले संध्याकाळी पडवीत जमू लागली. पाऊस लागल्यावर मासे परत सोडावयाचे होते, परंतु मुलांच्या आग्रहास्तव ते राहिले.

आमची पंचवीस हापूसची कलमे आहेत. मोहोरावर तुडतुडे पडतात, म्हणून मार्गशीर्ष-पौषात फवारणी करावी लागते. औषध पायरेथ्रॉइड वर्गातले होते. फवारणी झाली की पंप व पिंप पऱ्यावर नेऊन धुवावयाचे, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. पाणी तेथे, उतार तेथे. दुसरीकडे कशास जावे?

त्या वर्षी पौषात विहिरीवरचा पंप नादुरुस्त होता. पेटीचे पाणी बदलण्याचा दिवस आला. आम्ही गड्यास म्हटले, "पऱ्याचे आण. माशांस घरचेच पाणी मिळेल." त्याने दोन बादल्या आणून ओतल्या. तासाभरात मासे वर येऊन वेडेवाकडे फिरू लागले, पाठीवर पडू लागले. आम्ही शेजारच्या विहिरीचे पाणी आणून बदलले, परंतु रात्रीपर्यंत सात मेले.

प्रथम आमचा संशय दुसऱ्यांवर गेला. कोणी मासे धरण्याकरिता वर ब्लीचिंग पावडर टाकली असावी. तसे लोक करतात हे आपणास ठाऊकच आहे. आम्ही कंदील घेऊन पऱ्याच्या काठाने वर निघालो. आमच्या कलमांखालच्या वळणापासून बारीक मासे व झिंगे पांढरे पडून तरंगत होते. त्या वळणाच्या वर सर्व जिवंत होते. वळणावर, ओल्या वाळूत, आदल्या दिवशी धुतलेल्या पिंपाचा गोल ठसा होता.

रासायनिक तपासणी आम्ही करविली नाही; करविण्याची गरजही उरली नव्हती. हे औषध माशांस व झिंग्यांस अत्यल्प प्रमाणातही मारक असते ही गोष्ट सर्वमान्य आहे, व पौषात पऱ्याची धार मनगटाएवढी असते, तेव्हा विष पातळ होण्यास पाणीच नसते. सुट्टीत आलेल्या नातीने सकाळी विचारले, "आजोबा, दर वर्षी पऱ्यातले पण असेच मरत होते का?" आम्ही तीस वर्षे लोकांचे जबाब लिहून घेतले, त्या प्रश्नास काय जबाब द्यावा हे आम्हास सुचले नाही. पऱ्यात मेलेले मासे रातोरात वाहून जातात, खेकडे व बगळे नेतात. सकाळी पाणी पूर्ववत् नितळ. काचेतून काही वाहून जात नाही. आमच्या पेटीने आमचाच पंचनामा केला.

शेतकरी बंधूंस विनंती

त्या दिवसापासून आम्ही जे नियम पाळतो ते साधे आहेत. औषध कलमांच्या संख्येवरून मोजूनच कालवावे, म्हणजे उरत नाही. पंप व पिंप बागेतच, पाण्यापासून दूर धुवावे, व ते धुवण कलमांवरच फवारून टाकावे. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणीही पिंपातच घालावे. बाटली पऱ्यात टाकू नये, घरातही वापरू नये. पऱ्याच्या दोन्ही अंगांस दोन-चार हात झाडझाडोरा राखावा. पात्र साफ करण्याकरिता यंत्र लावल्यास निदान एक कोंड व त्यातील दगड जसेच्या तसे राहू द्यावे. पहिल्या पावसात चढणीचे मासे ज्या वाटेने शेतापर्यंत येतात, ती वाट याच कोंडांतून निघते, आणि त्याच पाण्यावर पुढे खालच्या वाडीची गुरे येतात.

वाचलेले चार मासे आम्ही पुढील आषाढात, पऱ्या भरून वाहू लागल्यावर, जेथून आणले तेथेच सोडले. त्यानंतर दोन हिवाळे एकही पिंप पऱ्यावर गेले नाही. गेल्या फाल्गुनात डबके आटू लागले तेव्हा नातीने व आम्ही मिळून मोजणी केली. लहानमोठे सव्वीस मासे भरले. ती आमच्या चार माशांचीच प्रजा होती असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळसे खालून चढूनही आले असतील. परंतु आले ते राहिले, एवढे खरे. त्यांतील दहा सध्या पेटीत आहेत. यंदा पाऊस स्थिर होताच तेही परत जातील.

ज्यांच्या घरी मुले आहेत व घरामागे पऱ्या आहे, त्यांनी अशी एक पेटी अवश्य करून पाहावी. सात-बारावर पऱ्याची नोंद पूर्वीप्रमाणेच पोटखराब्यात राहील. ती बदलण्याचा अधिकार आम्हास नोकरीत असतानाही नव्हता. त्यात काय नांदावे हे मात्र ज्याच्या त्याच्या हाती आहे.